न खपलेला स्वेटर

चपला हातात घेऊन एक तिबेटी आजी तलकाडच्या वाळूतून सावकाश चालत होत्या. सोबत कॉलेजात जाणारी नात. हिवाळ्यात आपल्या शहरांत फुटपाथवर स्वेटर मांडून बसतात ना, त्यांच्यापैकीच या एक. लुधियानाचा माल घेऊन कितीतरी हिवाळे त्यांनी महाराष्ट्रात काढले. ‘मावशी, कमी करा ना’ एवढं मराठी त्यांना पक्कं कळतं. त्या मूळच्या कुठल्या, हे मात्र घासाघीस करणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी विचारलं असेल.

घर बैलकुप्पेला, म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. त्या बाजूने वाहत येणारी कावेरीच पुढे तलकाडला येते. नातीला सुट्टी होती, म्हणून दोघी देवळं पाहायला आल्या होत्या.

पाताळेश्वराच्या पायऱ्यांपाशी गाइड अलमेलम्माची दंतकथा सांगत होता. म्हैसूरच्या राजाचे शिपाई दागिन्यांसाठी पाठीस लागले, तेव्हा तलकाड वाळूने भरून जावो असा शाप देऊन तिने कावेरीत उडी घेतली. (वाळू नदीच्या पात्रातून वाऱ्याने आली, असं जाणकार सांगतात; पण ते ऐकायला कोण थांबतो!) नातीने गोष्ट तिबेटीत सांगितली. आजी तिथेच वाळूत बसल्या.

“मागे शिपाई होते?” त्यांनी विचारलं.

मग त्या बोलू लागल्या. १९५९च्या मार्चमध्ये ल्हासातला चिनी राजवटीविरुद्धचा उठाव चिरडला गेला. दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो लोक निघाले. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. काकांना नेलं ते परतले नाहीत. दिवसा लपायचं, रात्री चालायचं, पोरांनी रडायचं नाही. आईच्या पाठीवरचा धाकटा भाऊ एका खिंडीत गप्प झाला. आईला वाटलं, झोपला. जमीन गोठलेली, खणता येईना. बर्फ सारून त्याला ठेवलं आणि पुढे निघाले.

तिबेटींना धर्मसमूह म्हणून नष्ट करण्यासाठी वंशसंहाराची कृत्यं झाली, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय न्यायविद आयोगाने १९६० साली काढला. आजींना हा शब्द ठाऊक नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीपासून तेव्हाच्या म्हैसूर सरकारने दिलेल्या सुमारे ३ हजार एकर जागेवर बैलकुप्पेची वसाहत उभी राहू लागली. सगळं जंगल. बर्फातली माणसं इथल्या उकाड्याने हैराण झाली. झाडं तोडून मका लावला, तर हत्ती येऊन तुडवून जायचे. आता तिथल्या सोनेरी बुद्धमूर्ती पाहायला सहलींच्या बसगाड्या येतात.

“मोला,” नात म्हणाली. तिबेटीत आजीला मोला म्हणतात. “आईला हे माहीत आहे?”

“नाही.”

दर हिवाळ्याच्या शेवटी आजींच्या गाठोड्यात एक लहानसा स्वेटर उरायचा. खपला नाही, असं सांगून त्या तो गावातल्या एखाद्या पोराला देऊन टाकायच्या. नातीला ते आठवलं.

“तो स्वेटर...?”

“चार वर्षांचा होता,” आजी म्हणाल्या, आणि अंगावरची वाळू झटकत उठल्या.