दोन थरांची तबकडी

शास्त्री नदीचे पाणी संगमेश्वरच्या बाजारपेठेत शिरण्याची चिन्हे दिसू लागली, की त्या कापडाच्या दुकानातून आधी चोपड्या माडीवर जातात, मग गल्ला आणि मग तागे. हा क्रम तीन पिढ्यांचा आहे. माडीवरचे लोखंडी कपाट मात्र कधी हलवावे लागले नाही. त्यात बापूजींचा संगीताचा ऐवज आहे : दोनशेच्या आसपास साध्या सीडी आणि वेगळ्या खणात, मलमलीच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या एकतीस खास तबकड्या.

अक्षय तृतीयेला बापूजींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी जेवणानंतर त्यांनी घरात सांगितले, की या एकतीस तबकड्या देवरुखच्या एका संगीतशिक्षकांना द्यावयाच्या आहेत. त्यांच्यापाशी त्या वाजवणारे यंत्र आहे आणि शिकणारी मुलेही आहेत. "दिवाळीला वही बदलेल, त्याआधी हा खण रिकामा झाला पाहिजे," एवढेच ते म्हणाले.

घरातील यंत्र बंद पडून चार वर्षे झाली होती. कोकणातील दमट हवेने त्याची लेसरची भिंग धूसर झाली होती आणि सुटे भाग मिळत नव्हते. म्हणून आता गादीवर बसणाऱ्या थोरल्या मुलाच्या मनात आले, की तबकड्या जाण्यापूर्वी त्यांतील संगीत संगणकावर उतरवून घ्यावे, म्हणजे बापूजींना ते घरबसल्या ऐकता येईल. हेतू स्वच्छ होता. त्यात गाठ कोठे आहे, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही.

बापूजींचा हा नाद त्यांच्या व्यापाराला चिकटूनच वाढला होता. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात खरेदी उरकली, गाठोडी वाहतुकीला लावली, की ते काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तासभर काढीत आणि रात्री परतीची गाडी पकडीत. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर ते दुकान बंद झाले, तेव्हा एखादा जुना पेढीवाला गेल्याप्रमाणे त्यांना वाटले होते. साध्या सीडी तेथल्या. खास तबकड्या मात्र धाकट्या काकांनी अँटवर्पहून आणलेल्या. हिऱ्यांच्या व्यापारात आयुष्य गेलेले काका दर खेपेस भावासाठी एक-दोन तबकड्या आणीत आणि म्हणत, "भाई, हा माल पैलूंचा आहे."

पैलू म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. १९८२ साली बाजारात आलेली सीडी ध्वनीची मोजणी दर सेकंदाला ४४,१०० वेळा करते आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिते. माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या वरच्या टोकापर्यंत पोहोचण्यास एवढे पुरते. पुढे १९९९ साली सोनी आणि फिलिप्स यांनी सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी आणली. तिची रीतच निराळी. ती माप लिहीत नाही. दर सेकंदाला २८,२२,४०० वेळा 'हो' किंवा 'नाही' एवढीच खूण करते आणि त्या खुणांच्या दाटीविरळीतून ध्वनीची लहर उभी राहते. तलम पोत विणताना सूत बारीक आणि धागे दाट घ्यावेत, तसेच काहीसे.

या तबकड्यांपैकी बहुतेकांत दोन थर असतात. खालच्या थरावर साधी सीडी आणि वरच्या, अर्धपारदर्शक थरावर ती दाट विणीची नोंद. साध्या यंत्राचा लेसर वरच्या थरातून आरपार जातो आणि खालचा वाचतो. खास यंत्राचा लेसर वरच्या थरावरच थांबतो. एकाच पेटीत दोन प्रतींचे कापड, आणि गिऱ्हाईक जसा चष्मा लावून येईल तशी प्रत त्याला दिसते.

मुलाला हे ठाऊक नव्हते. त्याने पहिली तबकडी घेतली ती 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार. १९९३ साली निघालेल्या या ध्वनिमुद्रणाला पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कॅलिफोर्नियातील एका प्रार्थनागृहात, तोपर्यंत एकमेकांना जवळजवळ अनोळखी असलेले हे दोन कलावंत बसले आणि वाजवू लागले. बापूजींची ही सर्वांत आवडती तबकडी. मुलाने ती संगणकात घातली आणि दहा मिनिटांत फाईली तयार झाल्या. बापूजींनी डोळे मिटून ऐकले, मान डोलावली आणि "छान आहे" म्हणाले.

चूक कानाने पकडली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पंचाहत्तर वर्षांच्या कानाने ती पकडली असती, तरच नवल. तरुण कानांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. अमेरिकेत बोस्टन येथील मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, उच्च दर्जाचा मूळ ध्वनी आणि तोच सीडीच्या मापातून गाळलेला ध्वनी यांतील भेद श्रोत्यांना ओळखावयाचा होता. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले. नाणे उडवले असते, तरी एवढेच बरोबर आले असते.

चूक पकडली ती हिशेबाने. रात्री मुलाने सवयीने आकडे ताडून पाहिले. एसएसीडीच्या दोन वाहिन्यांच्या नोंदीचे एका तासाचे वजन सुमारे अडीच जीबी, म्हणजे या चाळीस मिनिटांच्या तबकडीचे १.७ जीबी व्हावयास हवे. प्रत्यक्षात, कसर न घालवता आकसणाऱ्या फ्लॅक पद्धतीने साठवण्यापूर्वी, भरले होते जेमतेम ४२० एमबी. हे वजन साध्या सीडीचे. संगणकाने खालचाच थर उचलला होता.

घरात आलेल्या भाच्याने तोड सुचवली. याच फाईली २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये बदलाव्यात. वजन पावणेतीन जीबीच्याही वर जाईल आणि पडद्यावर 'हाय-रिझोल्युशन' अशी अक्षरेही उमटतील. बापूजी खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "कापड ताणून मोजले तर गज वाढतो, कापड वाढत नाही." भाचा हसला, पण पुन्हा तो विषय निघाला नाही. बाजारात अशा ताणलेल्या फाईली पैसे घेऊन विकल्या गेल्याचीही उदाहरणे आहेत. आलेख काढून पाहिला, की वरचा सारा भाग कोरा दिसतो.

वरचा थर वाचणे सोपे नाही. त्यावरील नोंद कुलूपबंद असते आणि संगणकाचे साधे ड्राइव्ह तिला ओळखतच नाही. येथे एक गोष्ट मनाला लागते. गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात झाले; त्या काळची लाखेची तबकडी आजही कोणत्याही सुईखाली बोलते. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी जुन्या तबकड्यांसाठी एवढे काम केले, ते त्यामुळेच शक्य झाले. वीस वर्षांची एसएसीडी मात्र तिचे विशिष्ट यंत्र नसेल तर मुकी. ध्वनी जितका शुद्ध, तितके त्याचे आयुष्य दुसऱ्याच्या हाती.

उपाय निघाला तो मुलांच्या खेळण्यात. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्राच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एसएसीडी वाजवण्याची सोय होती आणि आतील सॉफ्टवेअर जुनेच राहिलेले असेल, तर त्यातून तबकडीची पूर्ण प्रत काढता येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन खेपा घालून त्याने असे एक जुने यंत्र मिळवले. ते माडीवर आल्याची वार्ता आळीतील मुलांना दुकान उघडण्यापूर्वीच लागली होती. आत खेळ नाही हे कळल्यावर त्यांची झालेली निराशा पाहण्यासारखी होती.

मग चातुर्मासातील संध्याकाळी या कामी लागल्या. घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपत, त्यामुळे पुढचे तीन तास मोकळे. बाहेर धो धो पाऊस, विजेचा भरवसा नाही. अर्ध्यावर वीज गेली की ती तबकडी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्याने दुकानाचा इन्व्हर्टर माडीवर जोडून घेतला. चार तबकड्यांच्या कडेला आतील धातूचा थर काळवंडला होता. त्या अखेरपर्यंत वाचल्या गेल्या नाहीत. सत्तावीस उतरल्या.

त्यापुढचे काम रूपांतराचे. 'हो-नाही'च्या खुणा फोनला समजत नाहीत, त्यांची पुन्हा मापे करावी लागतात. २८,२२,४०० ला ३२ ने नेमका भाग जातो आणि ८८,२०० येतात. म्हणून त्याने २४ बिट, ८८.२ किलोहर्ट्झ हे माप धरले. वरचा कानापलीकडचा खरखराट गाळणीने काढावा लागतो, कारण या पद्धतीत ऐकू न येणाऱ्या भागात गोंगाट ढकललेला असतो. आणखी एक बारकावा त्याला उशिरा उमगला. अशा रूपांतरात आवाज सहा डेसिबलने हळू येतो. तो वाढवून घेण्याचा अनेकांचा प्रघात आहे. त्यानेही एका तबकडीवर तसे केले आणि तबल्याच्या थापेचा वरचा कंगोरा सपाट झाला. तेव्हापासून त्याने आवाज आहे तसाच ठेवला. हळू वाटला तर ऐकणाऱ्याने वाढवावा.

हार्ड डिस्क जोडलेला एक लहानसा संगणक कपाटावर बसला आणि घरातील वाय-फायवरून फाईली वाहू लागल्या. फोनमधून ब्लूटूथच्या स्पीकरवर पाठवले, की ध्वनी वाटेत पुन्हा दाबला जातो. म्हणून बापूजींच्या खोलीत तार ओढली. बोरिवलीला राहणाऱ्या मुलीसाठी २५६ किलोबिटांची हलकी प्रत केली, कारण संगमेश्वरहून बाहेर जाणाऱ्या जोडणीवर भारी फाईल अडखळत होती. तिचा फोन आला : "बापूजी, इथे नदी ऐकू येते आहे." त्या तबकडीत नदीचा आवाज कोठेही नाही. नाव वाचून तिला तसे वाटले असावे, किंवा माहेरची शास्त्री आठवली असावी.

पर्युषणानंतर कुटुंबाच्या गटावर काकांच्या मुलांनी फाईलींची मागणी केली. मुलगा पाठवण्याच्या बेतात होता. बापूजींनी विचारले, "तबकड्या कोणाच्या?"

"आपल्या."

"दिवाळीनंतर?"

मुलगा थांबला. गाठ ती हीच होती. पुण्यात कायदा शिकणाऱ्या नातीला फोन लावला गेला. तिने सांगितले, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरापुरत्या उचित व्यवहाराला मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, हक्क बुडवण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास शिक्षाही सांगितली आहे. स्वतःच्या तबकडीची स्वतःसाठी प्रत, येथवर ती बोलू शकत होती. तबकडी दुसऱ्याला देऊन प्रत आपल्याकडे ठेवली तर काय, यावर ती म्हणाली, "दादाजी, त्याचे उत्तर तुम्ही मला विचारताय?"

बापूजींनी तिला विचारले नव्हते, आणि मुलालाही विचारले नाही. त्यांनी फक्त दुकानातील एक जुनी गोष्ट काढली. आजोबांच्या वेळी एकदा विकलेला तागा गिऱ्हाइकाने उद्या नेतो म्हणून ठेवला आणि तो महिनाभर आलाच नाही. तेवढ्यात त्याच कापडाला दुप्पट भाव आला. आजोबांनी त्या ताग्यावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावली होती, ती काढली नाही.

मुलगा त्या रात्री बराच वेळ माडीवर बसून होता. अडीच महिन्यांच्या संध्याकाळी, लॅमिंग्टन रोडच्या खेपा, यंत्राचे पैसे. शिवाय प्रत ठेवल्याने कोणाचे काय जाणार होते? शिक्षकांना कळलेही नसते. हा युक्तिवाद त्याने स्वतःशी अनेक वेळा केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी तो बापूजींशी फारसा बोलला नाही. तबकड्या देऊच नयेत, असेही त्याने एकदा सुचवून पाहिले. बापूजी म्हणाले, "शब्द गेला आहे."

तिसऱ्या दिवशी मुलानेच वाट काढली. बापूजींनी एक तबकडी ठेवून घ्यावी. उरलेल्या तीस, न वाचलेल्या चारांसकट, देवरुखला जातील आणि सव्वीस तबकड्यांच्या फाईली असलेली हार्ड डिस्कही सोबत जाईल; कारण त्यांचे यंत्रही एक दिवस बंद पडेलच. बोरिवलीच्या हलक्या प्रतीही पुसल्या जातील. बापूजींनी कोणती ठेवायची, हे सांगण्याची गरज नव्हती.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मुलगा स्वतः गाडी घेऊन देवरुखला गेला. शिक्षकांनी मलमलीचे तुकडे परत देऊ केले. तो म्हणाला, राहू द्या, दमट हवा आहे. परत आल्यावर त्याने घरच्या संगणकावरील सव्वीस फोल्डर एकेक करून पुसले. एकदम पुसता आले असते. बोरिवलीला फोन झाला तेव्हा बहीण थोडी रुसली आणि मग तिने तबकड्यांच्या नव्या मालकांना दिवाळीचा फराळ पाठवला का, असे विचारले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर स्वस्तिक काढून झाले. माडीवर मोहनवीणा हळू वाजत होती.

"हा कोणता थर?" बापूजींनी विचारले.

"वरचा."

"फरक कळत नाही."

"मलाही नाही," मुलगा म्हणाला आणि त्याने वही त्यांच्यापुढे सरकवली. बापूजींनी चष्मा लावला आणि पहिल्या पानावर तिथी लिहिली.