उमलले तर फूल, खुडले तर भाजी

तैवान म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या तैपेईच्या गगनचुंबी इमारती आणि संगणकाचे सुटे भाग बनवणारे कारखाने. पण याच बेटाच्या पूर्व भागात, ह्वालिएन परगण्यात, एक वेगळेच जग आहे. पश्चिमेला बेटाचा कणा असलेली उत्तुंग मध्य पर्वतरांग, पूर्वेला पॅसिफिक महासागराला लागून असलेली ठेंगणी किनारी रांग आणि या दोहोंच्या मधोमध एक चिंचोळी, लांबलचक दरी. दरीत हिरवीगार भातखाचरे. ऑगस्ट उजाडला की या किनारी रांगेवरचे डोंगरउतार केशरी होऊ लागतात. ही किमया असते डे लिलीची.

बागकामाची आवड असलेल्या प्रवाशाने एकदा तरी पाहावेत असे इथले दोन डोंगर म्हणजे लिउशीशी आणि छिक. पहिला फूली गावाच्या वर, दुसरा यूली गावाच्या वर. दोन्ही साधारण ८०० ते ९०० मीटर उंचीवर. तैपेईहून जलद आगगाडीने यूलीला पोहोचायला तीनएक तास लागतात. तिथून पुढे अरुंद, वळणावळणाचा घाटरस्ता. बहराच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सुट्टीच्या दिवशी या घाटात वाहतुकीवर निर्बंध असतात. माथ्यावर पोहोचताच मात्र थकवा पळतो. पायाखाली केशरी मळे, त्याखाली दरीतली हिरवी भातशेती आणि समोर ढगांत डोके खुपसून बसलेली मध्य पर्वतरांग!

दुःख विसरायला लावणारे झाड

डे लिली नावाने लिली असली तरी ती खरी लिली नव्हे. खऱ्या लिलीला कांदा असतो. डे लिलीला कांदा नसतो, तर जाडसर, गाठाळ मुळे असतात. एकेक फूल सकाळी उमलते आणि बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी मिटून जाते. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली या वनस्पतीला हेमेरोकॅलिस हे नाव दिले, तेही यावरूनच. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘एका दिवसाचे सौंदर्य’. पण एका दांड्यावर अनेक कळ्या असतात आणि त्या एकामागून एक उमलत जातात. त्यामुळे एकच झाड कित्येक आठवडे फुललेले दिसते.

चीनमध्ये या झाडाला अडीच हजार वर्षांहून जुनी परंपरा आहे. तिथे त्याचे एक नाव ‘दुःख विसरायला लावणारे झाड’ असे आहे. घर सोडून दूर जाणारा मुलगा आईच्या अंगणात हे झाड लावून जाई, म्हणजे फुले पाहता पाहता तिला विरहाचा विसर पडावा. म्हणून आजही चिनी संस्कृतीत डे लिली हे आईचे फूल मानले जाते. लिउशीशी डोंगरावर प्रवाशांसाठी छोटे छोटे मंडप बांधले आहेत. त्यांना या झाडाचीच जुनी नावे दिली आहेत. त्यातल्या एकाचे नाव ‘दुःख विसरण्याचा मंडप’!

फूल की पीक?

हे केशरी मळे शोभेसाठी लावलेले नाहीत, हे अनेक प्रवाशांच्या लक्षातच येत नाही. डे लिलीची कळी हे इथले अन्न आहे. ती उमलण्यापूर्वी खुडतात, वाळवतात आणि मग वर्षभर सूपमध्ये व भाजीत घालतात. सोनसळी, लांबट, टोकदार कळी म्हणून तिला ‘सोनेरी सुई’ म्हणतात. शिजताना पाकळ्या सुटू नयेत म्हणून सुगरणी एकेका वाळक्या कळीला गाठ मारतात. शाकाहारी स्वयंपाकातही तिला मानाचे स्थान आहे.

आपल्याकडे मोगरा जसा कळी असतानाच खुडावा लागतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की मोगऱ्याची कळी गजऱ्यात उमलली तर कुणाचे नुकसान होत नाही. इथे मात्र कळी उमलली की पीक वाया गेले. उमललेल्या फुलाला बाजारात किंमत नाही. म्हणून हंगामात रोज नव्या कळ्या शोधत, कंबरेत वाकून, उतारावर तोल सांभाळत हात चालवावे लागतात. एक दिवस चुकला तर तो दिवस पुन्हा येत नाही.

या डोंगरांवर राहणारी काही कुटुंबे मुळची इथली नव्हेत. ऑगस्ट १९५९ मध्ये पश्चिम तैवानात भीषण पूर आला. शेते वाहून गेली आणि कित्येक कुटुंबे पोटासाठी पूर्वेकडे निघाली. त्यांतली काही या उंचावर येऊन वसली. डे लिलीने त्यांना हात दिला. पुढे मात्र बाहेरून येणाऱ्या स्वस्त वाळक्या कळ्यांनी बाजार भरू लागला. तैवान २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाल्यावर ही स्पर्धा आणखी तीव्र झाली. तरुण मुले शहरात गेली, खुडणारे हात म्हातारे झाले.

अशा वेळी एक उलटाच मार्ग निघाला. पीक म्हणून जे नुकसान, तेच पर्यटकांसाठी आकर्षण ठरले! कळ्या न खुडता फुलू द्याव्यात म्हणून शासनाकडून शेतकऱ्यांना अनुदान मिळू लागले. डोंगरावर घरगुती निवासाची सोय झाली, चहाचे मळेही वाढले. आज प्रवासी ज्या केशरी उताराचे छायाचित्र काढतो, तो खरे तर कुणाचे तरी न खुडलेले पीक असतो. एखादे फूल तोडण्यापूर्वी किंवा छायाचित्रासाठी वाफ्यात पाय ठेवण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे.

निसर्गाचा दुसरा चेहरा

या प्रदेशाचे सौंदर्य भूगर्भातल्या हालचालींतूनच घडले आहे आणि तो धोकाही कायम आहे. १८ सप्टेंबर २०२२ रोजी, ऐन बहरात, या भागाला तीव्र भूकंपाचा धक्का बसला. दरडी कोसळून घाटरस्ते बंद झाले. फुले पाहायला गेलेले सहाशेहून अधिक लोक दोन्ही डोंगरांवर अडकून पडले. सुदैवाने त्यांच्यापैकी कुणालाही इजा झाली नाही. खाली यूली गावात मात्र इमारत कोसळली आणि एका कामगाराला प्राण गमवावे लागले. हे दिवस चक्रीवादळांचेही असतात. म्हणून निघण्यापूर्वी रस्त्यांची आणि हवामानाची चौकशी करणे, हाताशी एखादा दिवस जादा ठेवणे आणि सोबत औषधे, पाणी व थोडे खाणे बाळगणे शहाणपणाचे.

प्रवासी परवान्यासाठी भारतीयांना तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्राकडे जावे लागते. दिल्ली व चेन्नई येथील केंद्रांच्या जोडीला २०२४ साली मुंबईतही असे केंद्र सुरू झाले आहे.

आपल्या अंगणात

एवढे पाहून आल्यावर आपल्या घरीही डे लिली असावी असे कुणाला वाटणार नाही? आणि ती सहज होऊ शकते. मात्र मराठी माणसाच्या ‘लिली’ या शब्दात बरेच काही सामावलेले असते. पहिल्या पावसात उगवणारी गुलाबी लिली, मे महिन्यात चेंडूसारखे फुलणारे लाल फूल, हारांसाठी बाजारात येणाऱ्या पांढऱ्या लिलीच्या जुड्या. या साऱ्या कांद्यापासून येतात. रोपवाटिकेत विचारताना ‘डे लिली’ असेच स्पष्ट सांगावे आणि मुळे पाहून घ्यावीत.

डे लिलीचे तीन प्रकार असतात. काही हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातात, काही सदाहरित असतात आणि काही अधल्यामधल्या. झोपणाऱ्या जातींना कडक थंडी लागते. मुंबई, कोकण, गोवा अशा उष्ण, दमट हवेत त्या खंगत जातात. तिथे सदाहरित जातीच निवडाव्यात. सिमला, दार्जिलिंग यांसारख्या थंड ठिकाणी राहणाऱ्यांना निवडीला अधिक वाव आहे.

रोज निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. उन्हाळा कडक असेल तिथे दुपारची थोडी सावली मानवते. माती भुसभुशीत, शेणखत किंवा गांडूळखत घातलेली आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. पाने आणि मुळे जिथे जुळतात तो गड्डा मातीखाली इंचभरापेक्षा खोल जाऊ देऊ नये. उष्णता आणि साचलेले पाणी एकत्र आले की तो सडतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी वाफा उंच करावा. गच्चीवर बारा इंची कुंडी चालते, पण तळाची भोके मोकळी हवीत. मावा दिसल्यास पाण्याचा जोरदार फवारा मारावा. गोगलगायी रात्री वेचाव्यात.

तीन-चार वर्षांनी झुपका दाट झाला की फुले कमी येतात. अशा वेळी तो उपटून, पात्यांचे दोन-तीन पंखे एकत्र राहतील असे भाग करावेत, पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि पुन्हा लावावीत. उरलेली रोपे शेजारीपाजारी वाटावीत.

हौशी मंडळींना यात आणखी एक गंमत आहे. सकाळी एका फुलाचे पराग दुसऱ्या जातीच्या फुलाच्या टोकावर लावले आणि फळ धरले, तर दीड-दोन महिन्यांत काळे बी तयार होते. त्याचे रोप फुलायला दोन-तीन वर्षे लागतात आणि फूल कसे येईल ते कुणीच सांगू शकत नाही! न्यूयॉर्क वनस्पती उद्यानात आर्लो बर्डेट स्टाउट या शास्त्रज्ञाने याच वाटेने अनेक वर्षे काम केले. चीनहून मागवलेल्या रोपांचा संकर करून त्याने १९३४ साली ‘थेरॉन’ ही लाल जात जगापुढे आणली. तोवर डे लिली म्हणजे पिवळी नाही तर केशरी, एवढेच लोकांना ठाऊक होते. आज नोंदलेल्या जातींची संख्या ऐंशी हजारांच्या पुढे आहे.

दोन सूचना मात्र विसरू नयेत. घरात मांजर असेल तर डे लिली लावू नये. तिची पाने, फुले, परागही मांजराच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. आणि तैवानात कळ्या खातात म्हणून बागेतली कळी परस्पर कढईत टाकू नये. फवारलेली औषधे आणि लिली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इतर विषारी वनस्पती यांचा धोका असतो. ताज्या कळ्या नीट न शिजवता खाल्ल्यास पोट बिघडू शकते.

सामानात काय आणावे?

परदेशी बाग पाहताना हात शिवशिवतात. एखादे मूळ पिशवीत टाकले तर कुणाला कळणार, असा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. डे लिलीवर पडणारा तांबेरा हा मूळचा पूर्व आशियातला रोग. अमेरिकेत तो २००० साली प्रथम दिसला आणि रोपांच्या देवाणघेवाणीतून बघता बघता अनेक राज्यांत पसरला. पानांवर नारिंगी पूड येते आणि झाड केविलवाणे दिसू लागते. रोग सामानातून येताना दिसत नाही, दिसतो तो नंतर, शेजाऱ्याच्याही बागेत.

भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार रोपे, मुळे, बिया आणण्यासाठी आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. विमानतळावर विचारणा झाली तर खरे ते सांगावे.

मग आणावे काय? वही आणावी. कोणत्या उतारावर झाडे जोमदार होती, पाण्याचा निचरा कसा केला होता, दोन ओळींत अंतर किती होते, याच्या नोंदी आणाव्यात. छायाचित्रे आणावीत. आणि डोंगरावर एक रात्र मुक्काम करून, यजमानीण वाढेल ते कळ्यांचे गरम सूप तिथेच प्यावे. न खुडलेल्या पिकावर डोळे निववून घेतले, तर खुडलेल्या पिकाचे मोल तिच्या हाती ठेवायला नको का?