हिरव्या बनातीची पेटी

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी टर्नर-फिटर आजोबा आहेत का? असतील तर त्यांना एकदा विचारून बघा, ‘तुमची हत्यारं कशात ठेवायचात?’ बहुतेक जण पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवतील. मला मात्र मागच्या मे महिन्यात एक अशी पेटी बघायला मिळाली, की पहिल्यांदा मला ती दागिन्यांचीच वाटली!

झालं असं, की सुट्टीत मी माझ्या धाकट्या दिरांकडे गेले होते. ते राहतात अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डेटन या गावी. आपल्या पाठ्यपुस्तकातले राइट बंधू याच गावचे. त्यांच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलर नावाचे कारागीर होते. त्यांनी लेथ आणि ड्रिल मशिनवर साधारण सहा आठवड्यांत इंजिन तयार केलं आणि ते बसवलेलं विमान १७ डिसेंबर १९०३ ला उडालं. आपण राइट बंधूंची नावं पाठ करतो, चार्लींचं नाव कुणी विचारत नाही. (मीही वर्गात कधी सांगितलं नव्हतं, हे कबूल करते.) रोख पैसे मोजणारी गल्ल्याची यंत्रं, मोटारींचे सुटे भाग, असं बरंच काही या गावात तयार व्हायचं. म्हणजे गाव कारागिरांचं.

तर शेजारच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे. मोठं घर सोडून त्या लहान घरात जायच्या होत्या आणि सामानाची आवराआवर चालू होती. माझा बारा वर्षांचा पुतण्या मदतीला जायचा, एक दिवस मीही गेले. गॅरेजच्या कोपऱ्यात फडक्याखाली ती पेटी होती. शाळेतल्या हार्मोनियमच्या पेटीएवढी, ओकच्या लाकडाची, कोपऱ्यांना चकचकीत धातूच्या पट्ट्या. आजींनी कुलूप काढलं, वरचं झाकण उचललं, समोरची फळी पुढे ओढून खालच्या फटीत आत सरकवली. मग दिसले लहानमोठे अकरा खण! प्रत्येकात हिरवी बनात. झाकणाच्या आत चक्क आरसा. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर बघायला तो उपयोगी पडतो, असं कारागीर सांगतात.

एवढे लाड कशाला? तर ही हत्यारं मापं घ्यायची. मायक्रोमीटरवर इंचाचा हजारावा भाग मोजता येतो. आपला केस सुद्धा अशा दोन-चार हजारांश इंचाचा असतो. असं हत्यार हातोड्या-कानशींबरोबर डब्यात आपटलं तर संपलंच. शिवाय लोखंडी डब्याला दमट हवेत आतून घाम फुटतो, लाकूड थोडी ओल पिऊन घेतं. आणि तिकडची पद्धत अशी, की मशिन कारखान्याचं, पण हातातली हत्यारं ज्याची त्याने विकत घ्यायची. म्हणून कारागीर पगारातून पैसे साठवून पेटी घ्यायचा, हत्यारांवर स्वतःच्या नावाची अक्षरं कोरायचा. डेटनमध्येच हॅरी गर्स्टनर यांनी स्वतःसाठी अशी पेटी केली, ती इतरांना आवडली आणि १९०६ साली त्यांचा कारखाना उभा राहिला. तो कारखाना डेटनला आजही लाकडी पेट्या करतो.

आजी म्हणाल्या, “ही माझ्या आजोबांची. १९१३ च्या पुरातून वाचलेली.” ही पेटी त्या नातवाला देणार होत्या. सोबत ठेवायला एक चिठ्ठीही त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती.

हा पूर म्हणजे तिकडचं पानशेत समजा. मार्च १९१३ मध्ये बांध फुटले आणि गावात काही ठिकाणी वीस फुटांपर्यंत पाणी चढलं. शेकडो माणसं गेली. गल्ल्याची यंत्रं करणाऱ्या कारखान्यातल्या सुतारांनी मशिनची कामं बाजूला ठेवून भराभर सपाट तळाच्या होड्या ठोकल्या आणि लोकांना वाचवलं. राइट बंधूंचं ते पहिलं विमान खोक्यांत भरून ठेवलेलं होतं, तेही चिखलात बुडालं. अशा पुरातून वाचलेली पेटी! मी तर लगेच हात जोडले.

पण आमचे पुतणेबुवा शंकेखोर. “काकू, पेटीला डाग कुठेच कसा नाही?” तो हळूच म्हणाला. मी डोळे वटारले. आजींनी मात्र ते ऐकलं होतं. “मग बघू या ना शोधून,” असं म्हणून त्यांनीच त्याच्या हातात टॉर्च दिला.

मला वाटलं, आधी काचपेपर मारून पेटी चकाचक करावी, मग नीट दिसेल. आजींनी माझा हात धरला. बरं झालं! जुनं पॉलिश, मळ, कोरलेली अक्षरं, लेबल, हाच तर सगळा पुरावा. तो मी पाच मिनिटांत घासून टाकला असता. तुम्हीही जुन्या वस्तूला आधी हात लावू नका, आधी बघा. टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरला, तर पुसट ओरखडेही उठून दिसतात.

खणांचे कोपरे पाहिले. तिथे डव्हटेल सांधे होते, म्हणजे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत अडकवलेले. सगळे अगदी सारख्या मापाचे, म्हणजे यंत्रावर कापलेले. पण कारखान्यातली पेटी म्हटल्यावर त्यात नवल नाही, त्यावरून साल कळेना.

मग पुतण्या ओरडला, “सापडलं!” एका बिजागरीच्या स्क्रूवर अधिकच्या चिन्हासारखी खाच होती. या फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ चं. त्याआधीच्या स्क्रूंना बहुधा एकच सरळ खाच असायची. तेव्हा पेटी १९१३ ची असूच शकत नाही! पण थांबा. दुसऱ्या बिजागरीचे स्क्रू सरळ खाचेचेच होते. म्हणजे एक बिजागरी मागाहून दुरुस्त केली असणार. दुरुस्तीवरून वस्तूचं वय ठरवायचं नसतं. बिचारा हिरमुसला.

कुलपावर पेटंटचा नंबर असता तर काम सोपं झालं असतं. अमेरिकेत दहा लाखावं पेटंट ऑगस्ट १९११ मध्ये दिलं गेलं आणि वीस लाखावं एप्रिल १९३५ मध्ये, त्यावरून अंदाज बांधता येतो. आमच्या कुलपावर काहीच नव्हतं.

शेवटी झाकणाच्या आत, आरशाखाली, एक लेबल दिसलं. वरचा भाग फाटलेला, कारखान्याचं नावच गेलेलं. उरली होती पत्त्याची शेवटची ओळ: डेटन, मग एक आकडा, मग ओहायो. “हा पेटीचा नंबर असेल,” मी म्हणाले.

आजींनी चष्मा लावला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या, “हा टपालाचा विभाग. मी लहान असताना पत्र लिहिताना गावाच्या नावापुढे आम्ही असा आकडा घालायचो. आई त्यासाठी रागवायची सुद्धा, विसरले की.”

असे आकडे तिकडे १९४३ साली सुरू झाले. १९६३ मध्ये आपल्या पिनकोडसारखा पाच आकड्यांचा झिप कोड आला आणि ते गेले. म्हणजे पेटी या वीस वर्षांतली. पुरानंतर निदान तीस वर्षांनी तयार झालेली. आणि हे शोधलं कुणी? ज्यांना ते नको होतं, त्यांनीच.

गॅरेजमध्ये कुणी बोलेना. मला पुतण्याचा रागच आला. कशाला हवा होता हा उद्योग? म्हाताऱ्या माणसाची एक आठवण होती, ती राहू दिली असती तर काय बिघडलं असतं? तोही कावराबावरा झाला होता. तेवढ्यात आजींनी स्वतःच खण एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. म्हणाल्या, “पेटी नसेल. आतलं बघितलंय का आपण?”

बहुतेक हत्यारांवर आजींच्या वडिलांची अक्षरं होती, तेही कारागीरच होते. पण अगदी खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेलं एक कॅलिपर निघालं. काळं पडलेलं, गंजानं अंगभर देवीचे वण असावेत तसं. पुतण्यानं टॉर्च तिरका धरला. अक्षरं वेगळी होती. आजोबांची.

“हा गंज पुराचाच ना?” मी घाईघाईनं विचारलं. आजी हसल्या. “गंजावर तारीख कुठे असते?”

पहिली चिठ्ठी त्यांनी फाडली नाही, घडी करून पर्समध्ये ठेवली. नव्या चिठ्ठीत लिहिलं, ‘पेटी माझ्या वडिलांची. कॅलिपर त्यांच्या वडिलांचं. आमच्या घरात पुराची गोष्ट सांगतात, ती मी तुला फोनवर सांगेन.’

पेटी बंद करण्याआधी त्यांना खणात ठेवायला कापूर हवा होता. जुने कारागीर गंज लागू नये म्हणून पेटीत कापराचा तुकडा टाकत. त्यांच्याकडे नव्हता. माझ्या पूजेच्या डबीत होता, मी पळत जाऊन चार वड्या आणल्या. आजींनी एक वडी नाकाशी धरली आणि म्हणाल्या, “बाबा घरी आले की असाच वास यायचा.”