चिकटता चिकटेना

होस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलाची निम्मी मालमत्ता प्लास्टिकची असते. बादली, मग, साबणाची डबी, हँगर, बाटली. दर टर्मला यातलं काहीतरी तुटतंच. मग कँटीनमधून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब येते आणि सगळी डॉर्मिटरी सल्ले द्यायला जमा होते.

या टर्मला माझ्या बादलीचा कान तुटला, ज्यात कडी अडकते तो. ही बादली मी सहावीत आलो तेव्हा सांगलीहून दोन गाड्या बदलत इथवर आली. बाबा तेव्हा रजेवर होते. त्यांनी तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव आणि रोल नंबर लिहिला. अक्षरं आता पुसट झाली आहेत, पण बाबांचा 'र' अजून ओळखू येतो. नवी बादली काही महाग नाही, हे मला सगळ्यांनी सांगून झालं होतं.

ट्यूबवरच्या यादीत प्लास्टिकचं नाव होतं. मी तुटलेल्या कडा धुतल्या, वाळवल्या, पॉलिशपेपरने घासल्या, एकच थेंब लावला आणि दाबून धरून रात्रभर राहू दिलं. सकाळी कान घट्ट दिसत होता. अर्धी बादली भरून कडी उचलली, तर टक्कन आवाज झाला आणि कान हातात. गोंदाची काचेसारखी पापडी तेवढी सुटून पडली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी बोटं मात्र दोन्ही वेळा एकमेकांना इतकी पक्की बसली की सावधानमध्ये मूठ वेगळी वळावी लागली नाही.

राग आला की मी लायब्ररीत जातो. तिथे कळलं की हा गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट, आणि त्याची सुरुवात चक्क सैन्यासाठीच्या कामातून झाली. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या साइटसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन ज्याला त्याला चिकटू लागलं, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. १९५१ मध्ये त्याची पुन्हा आठवण झाली आणि १९५८ मध्ये ते गोंद म्हणून बाजारात आलं. पुढे व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला. ओलसरपणा लागला की ते घट्ट होतं, म्हणून बोटं आधी चिकटतात. जखमा बंद करणारा गोंद, आणि बादलीपुढे हात टेकतो!

उत्तर केमिस्ट्रीच्या सरांनी दिलं. त्यांनी बादली उलटी केली आणि बुडावरचा त्रिकोण दाखवला. आत ५ आकडा होता, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गोंद धरायचा तर आधी तो पृष्ठभागावर पसरायला हवा. या प्लास्टिकवर तो अळवावरच्या पाण्यासारखा नुसता बसतो. पॉलिथिनचंही तसंच. स्टायरीन आणि ॲक्रिलिक मात्र चांगलं चिकटतं. त्रिकोण सापडला नाही तर तुटलेला भरीव तुकडा पाण्यात टाकायचा. पहिली दोन पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तरंगतात. दुसरी दोन बुडतात. तरंगलं तर गोंदाचे पैसे वाचवावेत. हे ट्यूबवर एका ओळीत छापता आलं असतं.

मग बादली वर्कशॉपमधल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी काही न विचारता खिडकी उघडली, खिळा तापवून कानाच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेने गोधडीसारखे सहा टाके घातले. पॉलिप्रॉपिलीन तापलं की वितळतं, एवढाच त्याचा कमजोरपणा, आणि तोच उपयोगी पडला. बाबांच्या अक्षरांना धक्का लागू नये म्हणून शेवटचा टाका त्यांनी तिरपा घेतला. मी तसं सांगितलंही नव्हतं.

आता भरलेली बादली उचलली की कान थोडा करकरतो, पण नळापासून बाथरूमपर्यंत टिकतो. इन्स्पेक्शनच्या वेळी टाक्यांकडे बघून हाउस कॅप्टन दोन सेकंद थांबला आणि पुढे गेला.

साबणाच्या डबीच्या झाकणाचा तुकडा मात्र पाण्यात बुडाला. त्याला काल एक थेंब लावलाय.

— कॅडेट, इयत्ता ११ वी