अप्रकाशित

आषाढ सरता सरता मराठी नियतकालिकांतून कथास्पर्धांची निमंत्रणे झळकू लागतात, आणि महाराष्ट्राबाहेर पडलेल्या आमच्यासारख्या कारकुनाच्या मनात दडलेला लेखक कूस बदलतो. यंदा आम्हीही निश्चय केला. भिलाई-३च्या या रेल्वे-वस्तीत, रात्रभर यार्डातल्या वाघिणींची आदळआपट ऐकत, दहा वर्षांत आमच्या हातून एकच कथा धड उतरली आहे. रात्रपाळीचा पॉइंट्समन आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून जागणारी त्याची बायको. ती कथा सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. शब्दमर्यादेत बसली. प्रवेशपत्रिकेवर नाव-पत्ता लिहिला आणि शेवटच्या ओळीपाशी लेखणी अडली : 'सदर कथा पूर्वी कोठेही प्रकाशित झालेली नाही.'

झाली होती! चार वर्षांपूर्वी, येथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत. प्रती दीडशे. अध्यक्षांचे मनोगत, वर्गणीदारांची यादी, मिठाईवाल्यांच्या नि शिकवणीवर्गांच्या जाहिराती, आणि त्यांच्या बेचक्यात आमची कथा. मुद्रकाने नायिकेचे नाव दोन ठिकाणी बदलून टाकले होते.

"अहो, त्याला का छापणं म्हणायचं?" कुटुंबाने विचारले. "पुण्या-मुंबईच्या परीक्षकांना कळणार तरी कसं?"

कळणार नव्हते, हे खरेच. पण ज्याचा दिवस इतरांची प्रमाणपत्रे तपासण्यात जातो, त्याला खोट्या मजकुराखाली सही करणे जड जाते. (यात सचोटीचा भाग थोडा, सवयीचा अधिक.)

मनाची समजूत पटावी म्हणून एखादे थोर उदाहरण शोधू लागलो, आणि तेथेच फसलो. माधवराव सप्रे मराठी घरचे. याच छत्तीसगडातील पेंड्रा येथून त्यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले. त्यातच १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली, आणि आज कित्येक अभ्यासक तिला हिंदीतील पहिल्या कथेचा मान देतात. त्या मासिकाला वाचक असून असून किती असणार? तरी ती कथा अप्रकाशित होती, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आमच्या कथेलाही एक वाचक मिळाला होता. स्मरणिका निघाल्यावर आठवड्याने एक निवृत्त गार्ड दारी आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. म्हणाले, "आमची ही रोज दाराशी दिवा ठेवायची. मी समजायचो, दिवा ठेवून झोपत असेल. तुमचं वाचलं, अन् वाटलं, विचारायला हवं होतं. आता ती नाही." आणि उभ्या उभ्याच निघून गेले.

प्रवेशपत्रिका खणात तशीच आहे. अखेरच्या तारखेला अकरा दिवस उरले आहेत. नव्या कथेची दीड पाने झाली आहेत. नायक पुन्हा रेल्वेतलाच निघाला, त्याला इलाज नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी काही तरी द्या म्हणून मंडळाची माणसे काल येऊन गेली. तेव्हापासून कुटुंबाने ती दीड पाने कुलपात ठेवली आहेत.