पडदा आणि माणूस

सोयी वाढल्या म्हणजे घरात मतभेदही वाढतात. सावनेरच्या आमच्या घरी डीव्हीडी प्लेअरवर ‘संत तुकाराम’ लावला, तेव्हा याचा प्रत्यय आला. प्रभातचा हा १९३६ सालचा बोलपट जवळजवळ ४:३ प्रमाणाच्या चौकटीतला. आमचा संच १६:९ चा. मुलांनी चित्र ताणून पडदा भरला, तोच विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा एक-तृतीयांशाने रुंद झाले! विरक्त संतास असे बाळसे यावे, हे वडिलांना रुचेना. ४:३ निवडताच तुकोबा मूळ अंगकाठीवर आले. पण दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या मुलांना खुपू लागल्या.

ध्वनीची गोष्ट निराळी. वडिलांना अलीकडे कमी ऐकू येते. आवाज चढवावा, तर टाळमृदंगाने कानठळ्या बसाव्यात. उतरवावा, तर बोलणे हरवावे. यंत्रातील ‘रात्र’ ही सोय मोठे स्वर दाबते व हलके वर आणते. ती लावली आणि जिजाईचे बोल त्यांना स्पष्ट ऐकू आले.

मुले म्हणाली, “आजोबा, ही मुळाशी लबाडी नव्हे काय?” आहे खरी. परंतु ताणलेले चित्र केवळ पडदा भरते. दाबलेला स्वर एका वृद्धास पुन्हा घरच्या मंडळींत आणून बसवतो. आम्हांस एवढा भेद पुरेसा वाटतो.