आबांची बाज

मुलांनो, काही वर्षांपूर्वीची गोष्ट. २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. माझा मुलगा आणि मी नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बिणी बघायला निघालो. ऐनवेळी माझे वडील, आबा, धोतर-टोपी घालून दारात उभे! खरं सांगू? मला ते रुचलं नाही. आबा कधी शाळेत गेले नाहीत. जन्मभर त्यांनी बाजा विणल्या. तिथं काहीबाही विचारतील आणि लोक हसतील, अशी मला धास्ती.

खोडदला शाळकरी मुलांची ही झुंबड! समोर अजस्र तबकडी, ४५ मीटर व्यासाची. अशा एकूण ३० तबकड्या. १४ जवळजवळ आणि १६ दूरवर, तीन रांगांत पसरलेल्या. टोकाटोकांत सुमारे २५ किलोमीटर अंतर.

माहिती सांगणाऱ्या ताईंना आबांनी मोठ्यानं विचारलं, "बाई, ही तर बाज विणलीय! पर एवढी भोकं! त्यातनं समदं गळून जात नाय का?"

मुलं फिस्सकन हसली. मी मान खाली घातली. ताई मात्र हसल्या नाहीत.

"आजोबा, नेमकं विचारलंत. आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी आम्ही पकडतो, त्यांची लांबी साधारण वीतभरापासून दोन मीटरपर्यंत. जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची. एवढ्या लांब लहरीला ही जाळी म्हणजे आरसाच! वारा मात्र आरपार जातो. पत्रा लावला असता तर वाऱ्याचा जोर सोसायला जाड लोखंड लागलं असतं, मोठ्या मोटारी लागल्या असत्या. तेवढा पैसा कुठला? म्हणून प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगाड्यावर पोलादी दोर ताणले आणि त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली. वजन घटलं, खर्चही घटला."

"ताण सारखा बसाय पायजे," आबा म्हणाले. "नायतर झोळ पडतो."

"अगदी बरोबर! दोरांचा ताण जुळवूनच हा आकार साधलाय."

आता कुणी हसलं नाही. माझ्या मुलानं विचारलं, "पण ताई, एकच मोठ्ठी का नाही बांधली?"

"पंचवीस किलोमीटरची तबकडी कोण बांधणार? तीसजणींनी टिपलेलं एकत्र जुळवलं, की तेवढ्या रुंद दुर्बिणीसारखे बारकावे दिसतात."

या दुर्बिणींनी २०१० ते २०१२ या काळात आकाशाची पाहणी केली. एका वेळी पूर्णचंद्राच्या सहापट रुंदीचा तुकडा. असे पाच हजारांवर तुकडे जोडून जवळजवळ ९० टक्के आकाश पिंजून काढलं. त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत सापडले. २०१६ मध्ये ही सगळी माहिती जगभरच्या अभ्यासकांना खुली झाली.

परतताना एसटीत मुलगा आबांना चिकटून बसला. "आबा, मला बाज विणायला शिकवाल?"

मी गप्प होतो. मी नववीत असताना आबांनी मला शिकवायला घेतलं होतं, तेव्हा "असली कामं मला नकोत" म्हणून मी पळालो होतो. आबा तेव्हाही काही बोलले नव्हते.

पुढच्या रविवारी अंगणात सुंभाची गुंडी आली. मुलगा बसला, आणि त्याच्याशेजारी मीही बसलो.

ती बाज अजून घरात आहे. माझ्या बाजूला झोळ आहे, मुलाच्या बाजूला नाही.